जर्मन राज्यं एक झालीच नसती तर? १८६६ पासून सुरुवात करून बघू

प्रश्न थोडक्यात असा: १९व्या शतकात जर्मन राज्यं एकत्र आलीच नसती, प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर ही सगळी आपापल्या राजांसकट वेगळीच राहिली असती तर पुढचा युरोप कसा दिसला असता, पहिलं महायुद्ध टळलं असतं का, आणि यावर एखादी काल्पनिक इतिहासाची गोष्ट लिहायची तर इतिहास नेमका कुठे वळवायचा. मी बरीच वर्षं आधुनिक युरोप शिकवतोय, आधी कॉलेजात आणि आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांना, आणि हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, म्हणून मी मुलांकडून त्यावर अख्खी टाइमलाइनच लिहून घेतो. त्यातून दिसतं की लोक दोनच वाटांनी जातात. एक, जर्मनी नाही म्हणजे महायुद्ध नाही, हिटलर नाही, सगळीकडे आबादीआबाद. दुसरी, जर्मनी नाही म्हणजे क्रुपचे पोलाद-तोफांचे कारखाने नाहीत, केमिकल नाही, विद्यापीठं नाहीत, नुसती बटाट्याची शेतं आणि लुटुपुटीचे राजवाडे. मला दोन्ही पटत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. १८७१ साली राज्यं एक होऊन जर्मन साम्राज्य झालं तेव्हा जे नवीन जन्माला आलं ते जर्मन उद्योग किंवा जर्मन विद्वत्ता नव्हती, ती आधीपासून होती आणि बऱ्याच अंशी राज्यं वेगळी होती म्हणूनच फोफावली होती. नवीन काय आलं, तर एकच सैन्य आणि एकच परराष्ट्र धोरण, आणि या दोन्हीच्या दोऱ्या प्रशियाच्या राजाच्या हातात, त्यावर निवडून आलेल्या संसदेचा खरा लगाम नाही. हे काढून टाकलं तर मागे श्रीमंत, शिकलेला, रेल्वेनं जोडलेला पण राजकीयदृष्ट्या अनेक तुकड्यांचा मध्य युरोप उरतो. तो गरीब नसता राहिला, आणि तो शांत राहिला असता असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता "एक झालीच नसती" हे घडवायचं कसं, इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. १८०६ मध्ये नेपोलियनच्या दणक्यानं जुनं पवित्र रोमन साम्राज्य संपलं, १८१५ मध्ये व्हिएन्नात बड्या सत्तांनी बसून ३९ राज्यांचा जर्मन संघ उभा केला, त्याची सभा फ्रँकफर्टला भरायची आणि अध्यक्षपद कायम ऑस्ट्रियाकडे. गंमत बघा, हॅनोव्हरसाठी १८३७ पर्यंत इंग्लंडचा राजा या संघाचा सभासद, होल्स्टाइनसाठी डेन्मार्कचा राजा, लक्झेम्बर्गसाठी नेदरलँड्सचा राजा. असा संघ कोणावर हल्ला करूच शकत नाही, पण त्याच्यावर हल्ला करायचा तर सगळ्या युरोपला अंगावर घ्यावं लागतं. तो मुद्दामच तसा बांधलेला होता.

पण लोकांना एकी हवी होती हेही तितकंच खरं. १८४८ च्या क्रांतीत फ्रँकफर्टच्या पाउल्सकिर्श चर्चमध्ये निवडून आलेली संसद बसली, तिनं राज्यघटना लिहिली, आणि एप्रिल १८४९ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक विल्यम चौथ्याला मुकुट देऊ केला तर त्यानं वाटाण्याच्या अक्षता लावल्या, कारण लोकांनी दिलेला मुकुट त्याला नकोच होता. १८५९ मध्ये फ्रँकफर्टलाच राष्ट्रीय संघटना निघाली, त्याच वर्षी कवी शिलरच्या जन्मशताब्दीला गावोगाव मिरवणुका निघाल्या. गाण्याची मंडळं, व्यायामशाळा, नेमबाजीचे क्लब, सगळीकडे हीच चर्चा. त्यामुळे तुमच्या गोष्टीत बिस्मार्कला, म्हणजे एकीकरण घडवून आणणाऱ्या प्रशियाच्या मुख्य मंत्र्याला, नुसतं गायब केलं आणि लोक एकी विसरून गेले असं दाखवलं तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. ही मागणी कुठेतरी जिरली पाहिजे, निदान अर्धीमुर्धी पुरी झाली पाहिजे.

सगळ्यांचा आवडता वळणबिंदू सप्टेंबर १८६२ असतो. सैन्य सुधारणेच्या बजेटवरून प्रशियाच्या संसदेनं राजा विल्यमला अडवून धरलं होतं, वैतागून त्यानं राजीनाम्याचा मसुदाच तयार ठेवला होता, आणि बाबेल्सबर्गच्या बागेत बिस्मार्कनं त्याला थांबवलं. समजा नसता थांबवला. मग गादीवर येतो युवराज फ्रेडरिक, वय जेमतेम ३०, बायको इंग्लंडच्या राणीची मुलगी, विचारानं उदारमतवादी. लोक म्हणतात झालं, आता एकीकरण नाही. मला तर उलटंच वाटतं! उदार प्रशियाकडे बाडेनसारखी राज्यं आपण होऊन आली असती, कदाचित लढाई न होताच एक चांगला जर्मनी झाला असता. तो विषय फार सुंदर आहे आणि माझा जीव त्यात अडकलेला आहे, पण या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही.

मी निवडतो ७ मे १८६६. हा प्रसंग जरा जवळून बघण्यासारखा आहे. डेन्मार्ककडून दोघांनी मिळून हिसकावलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइनवरून ऑस्ट्रिया आणि प्रशियाचं पार फाटलेलं, दोन्हीकडे सैन्याची जमवाजमव चालू. संध्याकाळी बिस्मार्क राजाला भेटून बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन रस्त्यानं पायी घरी निघालाय. मागून फर्डिनांड कोहेन-ब्लिंड नावाचा २२ वर्षांचा विद्यार्थी येतो, १८४८ च्या क्रांतीत देशोधडीला लागलेल्या कार्ल ब्लिंडचा सावत्र मुलगा, आणि भावाभावांतली लढाई थांबवायची म्हणून पाठीमागून रिव्हॉल्व्हरच्या दोन गोळ्या झाडतो. बिस्मार्क गर्रकन वळतो, त्याचं मनगट पकडतो, झटापटीत आणखी तीन गोळ्या सुटतात, अगदी अंगाला भिडवून. शेजारून चाललेले सैनिक पोराला धरतात आणि बिस्मार्क चालत घरी जातो, खरचटण्यापलीकडे काही नाही. पाच गोळ्या, एकही आत घुसली नाही. कोहेन-ब्लिंडनं त्याच रात्री कोठडीत गळा चिरून घेतला. दक्षिण जर्मनीत कित्येकांनी उघड हळहळ व्यक्त केली, ती बिस्मार्कसाठी नव्हे, त्या पोरासाठी. त्या वेळी बिस्मार्क किती नावडता होता हे आज आपल्याला कळतच नाही, कारण आपण त्याला पुतळ्यांमधून ओळखतो.

आता पाचातली एक गोळी लागली असं धरा. पुढे काय? सैन्यातले लोक, युद्धमंत्री रून आणि सेनाप्रमुख मोल्टके, लढायला तयारच होते. पण राजा विल्यम ऑस्ट्रियाच्या सम्राटावर तलवार उपसायला मनापासून राजी नव्हता, राणी ऑगस्टाचा विरोध, युवराजाचा तर फेब्रुवारीतल्या बैठकीतच विरोध, आणि जुने कट्टर राजनिष्ठ गेर्लाखसारखे लोकसुद्धा याला पाप म्हणत होते. ऑस्ट्रियाविरुद्ध मिळून लढायचा प्रशियाचा इटलीबरोबरचा करार ८ एप्रिलचा, मुदत फक्त तीन महिने, म्हणजे ८ जुलैपर्यंत लढाई सुरू झाली नाही तर इटली मोकळा. आणि नेमकं त्याच मे महिन्यात गाब्लेन्झ बंधूंची मध्यस्थी चालू होती, एक भाऊ ऑस्ट्रियाच्या बाजूला सेनानी, दुसरा प्रशियात. त्यांचा तोडगा साधा होता, संघाच्या सैन्याचं नेतृत्व वाटून घ्या, उत्तरेचं प्रशियाकडे, दक्षिणेचं ऑस्ट्रियाकडे. बिस्मार्क गेला, मुदत संपत आली, राजा डळमळीत, अशा वेळी हा तोडगा टेबलावर आहे. मला हा मार्ग सगळ्यात पटतो कारण यात एकही माणूस स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागत नाही. काल्पनिक इतिहासात मी हीच कसोटी लावतो.

दुसरा पर्याय उशिराचा आहे, आणि तो बऱ्याच लोकांना माहीतच नसतो. १८६६ चं युद्ध होऊ द्या, कोनिग्रॅट्झला ऑस्ट्रिया हरू द्या, माइन नदीच्या वरचा उत्तर जर्मन संघ होऊ द्या, पण दक्षिण बाहेरच ठेवा. दक्षिणेला प्रशिया अजिबात नको होता. १८६८ च्या जकात संसदेच्या (सामायिक जकातीचा कारभार बघणाऱ्या सभेच्या) निवडणुकीत बव्हेरिया आणि वुर्टेम्बर्गमध्ये प्रशियाविरोधकांची सरशी झाली, १८६९ मध्ये बव्हेरियाच्या विधानसभेत कॅथलिक पॅट्रिअट पक्षाला बहुमत मिळालं. आणि हे बघा, १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायच्या आरसेमहालात साम्राज्याची घोषणा होऊन गेली, वाजंत्री वाजून झाली, तेव्हा म्युनिकच्या विधानसभेनं विलीनीकरणाच्या कराराला मंजुरीच दिलेली नव्हती! तिथे अजून वाद चालू होता. मतदान झालं २१ जानेवारीला, दोन तृतीयांश मतं लागत होती, पडली १०२ विरुद्ध ४८. दीडशेत शंभर लागत होती, म्हणजे दोन मतं जास्त. तीसुद्धा पॅट्रिअट पक्षातले बरेच जण फुटले म्हणून, कारण १८७०-७१ च्या युद्धातल्या फ्रान्सवरच्या विजयाची हवा होती आणि एकटं पडायची भीती होती. राजा लुडविग दुसरा तर आधीच विकत घेतलेला, बिस्मार्कनं हॅनोव्हरच्या पदच्युत राजाची (१८६६ च्या युद्धानंतर प्रशियानं हॅनोव्हर गिळलं होतं) जप्त केलेली संपत्ती वापरून त्याला गुपचूप पैसे पोचवले होते. फ्रान्सचं युद्ध झालंच नसतं, तर ही १०२ मतं कुठून आली असती सांगा.

तरी मी गोष्टीसाठी पहिला पर्यायच घेतो, कारण दुसऱ्यात उत्तर जर्मनी आधीच एक झालेला आहे आणि १८६६ मध्येच दक्षिणेच्या राज्यांनी प्रशियाशी गुप्त लष्करी करार करून ठेवले होते. म्हणजे दार लोटलेलं होतं, कडी नव्हती.

तर आता मे १८६६ नंतरचं जग बघू. हॅनोव्हर आहे, त्याचा आंधळा राजा जॉर्ज पाचवा गादीवर आहे. फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग, ब्रेमेन, ल्युबेक ही स्वतंत्र शहरं आहेत. नासाऊ आहे, हेसे-कासेल आहे. प्रशिया दोन तुकड्यांतच आहे, पूर्वेला बर्लिन-सायलेशिया, पश्चिमेला ऱ्हाइनलँड-वेस्टफेलिया, मध्ये हॅनोव्हर आणि हेसे. बर्लिनहून कोलोनला जाणारी गाडी १८४७ पासून हॅनोव्हरच्या हद्दीतूनच जायची. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्याला ही गोष्ट रोज सलणार, रूरचा कोळसा आणि एसेनचा क्रुपचा कारखाना एका तुकड्यात, राजधानी दुसऱ्यात. हा सल जात नाही. तुमच्या गोष्टीतला पुढचा प्रत्येक पेच इथूनच निघेल.

उद्योगाचं काय? १८३४ पासून झोलव्हेराइन म्हणजे जकात संघ चालू होता. प्रशियाच्या पुढाकारानं १८ राज्यं सुरुवातीलाच आत आली, नंतर वाढत गेली, ऑस्ट्रिया बाहेरच. हे म्हणजे आपल्या सोसायटीसारखं, मेंटेनन्स एक, गेट एक, पण स्वयंपाकघरं वेगळी. आणि ते किती पक्कं होतं बघा, १८६६ मध्ये सभासद राज्यं एकमेकांवर तोफा डागत होती तेव्हासुद्धा जकात गोळा होत होती आणि सामायिक हिशोबात जमा होत होती. बाडेननं हट्टानं आपली रेल्वे १६०० मिलिमीटरच्या रुंद गेजवर बांधली होती, आजूबाजूला सगळे स्टँडर्ड गेजवाले, शेवटी १८५४-५५ मध्ये बाडेननं स्वखर्चानं सगळे रूळ बदलले, कोणत्याही सम्राटानं हुकूम न काढता. उलट साम्राज्य झाल्यावरही २० वर्षं घड्याळं एक झाली नव्हती, बोडेनझे तलावाच्या काठावर बाडेन, वुर्टेम्बर्ग, बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा पाच रेल्वेंच्या पाच वेगळ्या वेळा होत्या, आणि सगळ्या जर्मनीला एक वेळ मिळाली १८९३ मध्ये.

केमिकल कंपन्यांचं तर मुलांना मी नकाशावर दाखवतो. होक्स्ट १८६३ मध्ये नासाऊत, बायर १८६३ मध्ये प्रशियाच्या बार्मेनमध्ये, बीएएसएफ १८६५ मध्ये. या बीएएसएफची गोष्ट तर खास, कंपनी बाडेनच्या मानहाइमची, पण जमिनीचा व्यवहार तिथल्या नगरपरिषदेत फसला, तर त्यांनी सरळ ऱ्हाइन ओलांडून समोरच्या काठावर लुडविग्सहाफेनला कारखाना टाकला. समोरचा काठ बव्हेरियाच्या राजाचा. एका राज्यात अडलं तर दुसरं राज्य दार उघडून उभं. प्राध्यापकांचंही तसंच. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजानं घटना गुंडाळली म्हणून गॉटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी निषेध केला, त्यांना काढून टाकलं, त्यात परीकथावाले दोघे ग्रिम बंधू होते आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबरही. पुढच्या काही वर्षांत ग्रिम बंधूंना बर्लिननं बोलावलं, वेबरला लाइपझिगनं, डालमानला बॉननं. एका राजानं हाकललेल्या माणसाला दुसरा राजा मानानं नेमतो, ही सोय इंग्लंड-फ्रान्समध्ये नव्हती. लीबिगनं गीसेनसारख्या छोट्या गावात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि १८५२ मध्ये म्युनिकनं त्याला ओढून नेलं. माझ्या मते जर्मन विज्ञानाची भरभराट या ओढाओढीत आहे, आणि ती १८७१ नं दिलेली नाही.

एक गोष्ट मात्र साम्राज्यानंच दिली, १८७७ चा एकच पेटंट कायदा. आधी प्रत्येक राज्याचं पेटंट वेगळं, सगळे सगळ्यांची नक्कल करायचे. जकात संघानं हेही कधीतरी जमवलं असतं असं मला वाटतं, पण उशीर झाला असता.

आता दुसरी बाजू, जी रम्य चित्र रंगवणारे दडवून ठेवतात. छोटी राज्यं म्हणजे स्वातंत्र्य असं समजू नका. मेक्लेनबर्गमध्ये १७५५ ची जमीनदारांची घटना थेट १९१८ पर्यंत चालली, निवडून आलेली संसदच नाही. बव्हेरियात गरीब माणसाला लग्न करायला गावाची परवानगी लागायची, पोट भरायची ऐपत नाही म्हणून गाव नाही म्हणायचं, आणि मग जन्मणाऱ्या पोरांवर अनौरसपणाचा शिक्का बसायचा. ज्यूंना सगळ्या नागरी हक्कांची समानता उत्तर जर्मन संघाच्या जुलै १८६९ च्या कायद्यानं मिळाली आणि साम्राज्याबरोबर ती दक्षिणेतही गेली. संघच नसेल तर बाडेनमध्ये ती १८६२ पासून आहे, वुर्टेम्बर्गमध्ये १८६४ पासून, पण मेक्लेनबर्गमधल्या ज्यू कुटुंबानं किती पिढ्या वाट बघायची? कुठेही जाऊन धंदा करायचं, राहायचं स्वातंत्र्य हेही उत्तर जर्मन संघानं १८६७ मध्ये दिलं. आजारपणाचा विमा १८८३, अपघाताचा १८८४, म्हातारपणाची पेन्शन १८८९, हे बिस्मार्कचं काम, समाजवाद्यांना रोखायच्या हेतूनं केलेलं असलं तरी कामगाराच्या पदरात काहीतरी पडलंच. इतक्या राज्यांत हे असं पसरलं असतं का, मला शंका आहे, एखाद्या सॅक्सनीनं केलं असतं आणि बाकीचे मूग गिळून बसले असते. वेगळं राहण्याची ही खरी किंमत आहे आणि ती गरिबांनी आणि अल्पसंख्याकांनी मोजली असती.

ऑस्ट्रियाकडे वळू. १८६६ ची हार नाही म्हणजे हंगेरीपुढे तितकं वाकायची गरज नाही. हंगेरीचा नेता डेआकनं १८६५ मध्येच तडजोडीचा हात पुढे केला होता त्यामुळे काहीतरी करार झाला असता, पण १८६७ सारखं अर्धं राज्य सोडून देणारा नव्हे. व्हिएन्नाचं तोंड जर्मनीकडेच राहिलं असतं, बाल्कनमध्ये बोस्निया गिळायची हाव कमी झाली असती. आणि बोस्निया नाही तर साराजेव्होचा तो चौक नाही, जिथे १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि महायुद्ध पेटलं. पण एक पेच, बोहेमिया हा जर्मन संघाचाच भाग होता, म्हणजे प्राग "जर्मनी"त. चेक इतिहासकार पालाट्स्कीनं १८४८ मध्येच फ्रँकफर्टचं आमंत्रण नाकारलं होतं. जर्मन संघ टिकला तर चेक लोकांची चिडचिड तिथेच साचत जाणार, आणि १९०० च्या आसपास ती फुटणार. हा भाग कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

फ्रान्समध्ये नेपोलियन तिसरा. आपल्या इतिहासात मे १८७० च्या सार्वमतात त्याला ७३ लाख हो आणि १५ लाख नाही अशी मतं पडली होती, म्हणजे युद्धात तोंडघशी पडला नसता तर त्याची गादी लगेच जात नव्हती. तो आजारी होता, १८७३ च्या जानेवारीत गेलाच. मुलगा नेपोलियन चौथा म्हणून गादीवर, जो आपल्या जगात १८७९ मध्ये झुलू युद्धात इंग्रजांच्या बाजूनं मारला गेला. आपल्या इतिहासात १८७१ मध्ये जर्मनीनं घेतलेला अल्सेस-लॉरेन इथे फ्रान्सकडेच, स्ट्रासबुर्ग फ्रेंच, त्यामुळे पुढची ४० वर्षं सूड सूड म्हणून जे पेटत राहिलं ते नाही. आणि रोम! १८७० मध्ये फ्रेंच पलटण युद्धासाठी परत बोलावली म्हणून २० सप्टेंबरला इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं. ती पलटण तिथेच राहिली तर पोपचं राज्य आणखी किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक, आणि १८६६ चं युद्धच नाही म्हणजे व्हेनिसही ऑस्ट्रियाकडेच. इटलीवाले स्वस्थ बसले नसते. म्हणून मी म्हणतो की या जगात पुढचं युद्ध बर्लिनमधून निघत नाही, ते मिलान आणि तुरीनमधून निघतं.

महायुद्धाबद्दल. १९१४ सारखं युद्ध व्हायला एक विशिष्ट यंत्र लागलं: मध्यभागी एक प्रचंड सैन्य, दोन्हीकडे शत्रू, रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेली योजना, आणि ऑस्ट्रियाला दिलेला कोरा चेक, म्हणजे काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत असं वचन. हे यंत्र नसतं. एकटा प्रशिया १८६६ मध्ये सुमारे १ कोटी ९० लाखांचा, फ्रान्स त्याच्या दुप्पट, ऑस्ट्रियाही जवळपास तितकाच. नौदलाची चढाओढ तर नाहीच, प्रशियाकडे बाल्टिकचा किनारा आणि ओल्डेनबुर्गकडून १८५३ मध्ये घेतलेला याडे खाडीचा तुकडा, हॅम्बर्गचे जहाजवाले इंग्रजांचे धंद्यातले दोस्त, आणि हेल्गोलँड बेट १८९० पर्यंत इंग्रजांचंच. इंग्लंडला घाबरायचं कारण नाही. पण फ्रान्सची नजर ऱ्हाइनवर होती, १८४० मध्ये त्यावरून युद्ध होता होता राहिलं, १८६७ मध्ये लक्झेम्बर्गवरून परत तेच. दुबळी छोटी राज्यं मध्ये असली की बड्यांना मोह होतोच. क्रिमियासारखी युद्धं, दोन-तीन वर्षांची, दोन-तीन सत्तांची, थांबणारी, अशी मला दोन किंवा तीन दिसतात. लाखो मेले असते. एक कोटी नसते मेले.

आपल्याकडे काय फरक, हेही वर्गात हमखास विचारतात. नीळ वाचली असती का? नाही. बीएएसएफनं १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली ती एकीकरणामुळे नव्हे, रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायरनं (वरची बायर कंपनी वेगळी) म्युनिकमध्ये निळीवर केलेल्या कामातून आणि कंपनीच्या पैशातून, बिहारचे निळीचे मळे तसेही बसले असते. रुपयाचं मात्र वेगळं. जर्मनीनं फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँकची खंडणी घेतली, त्या जोरावर १८७१-७३ मध्ये चांदी सोडून सोन्याचा मार्क काढला आणि आपली जुनी चांदी बाजारात ओतली. इतर देशही मागोमाग गेले, त्यात अमेरिकेच्या खाणींतली चांदी वाढली, चांदीचा भाव कोसळला. आपला रुपया चांदीचा, १८७३ च्या आधी साधारण २ शिलिंगचा, तो १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगवर आला. सरकारला लंडनला द्यायचे होम चार्जेस पौंडात, म्हणजे त्याच देण्यासाठी जास्त रुपये, म्हणजे रयतेवर जास्त कर. शेवटी १८९३ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, आणि चीनला सूत पाठवणारे मुंबईचे गिरणीमालक ओरडले, कारण चीन चांदीवरच होता आणि घसरत्या रुपयाचा त्यांना फायदा होत होता. जर्मनी एक नसता तर थालर आणि गुल्डेन ही चांदीची नाणी वापरणारी ही राज्यं इतक्या झटक्यात सोन्यावर गेली नसती, एवढी मोठी खंडणीही नसती. चांदी पडली असतीच, पण हळूहळू.

आणि कूत. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारामध्ये वेढ्यात सापडली, त्यात मराठा पलटणी होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढच्या कैदेत माणसं हजारांनी मेली. वेढा पडला तेव्हा तुर्कांच्या बाजूचा सर्वोच्च सेनानी होता फॉन डेर गोल्ट्झ, प्रशियन, १८८३ पासून तुर्की सैन्य घडवणारा. मोल्टके तर १८३५ ते ३९ मध्येच तुर्कस्तानात होता, त्यामुळे प्रशियन अधिकारी तिथे गेलेच असते, पण जर्मन साम्राज्याशी युद्धच नाही तर पूना डिव्हिजन तैग्रिसच्या चिखलात उतरायचं कारण उरत नाही. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांचा इतिहास वेगळा झाला असता.

गोष्ट लिहायची तर बर्लिन किंवा व्हिएन्नातून सुरू करू नका, राजेरजवाडे आणि मंत्री यांच्या संवादांत अडकाल. हॅनोव्हर घ्या. १८८० साल, प्रशियाची गाडी हद्दीत शिरते, कागद तपासले जातात, वर इंग्रजांशी जुनं नातं मिरवणारा राजा, खाली एकी मागणारे विद्यार्थी, आणि रूरचा कोळसा पूर्वेकडे नेणाऱ्या डब्यांवर सगळ्यांचं पोट. प्रशियानं त्या रेल्वेचा ताबा मागितला की तुमचा पहिला पेच तयार. मग व्हिएन्ना काय म्हणते, पॅरिस काय म्हणतं, एकेक पत्ता उघडत जा, आणि प्रत्येक वेळी तपासा की तो माणूस खरोखर असा वागला असता का.